जाताच आहात तर एवढं पोचवा

माझी नोकरी 'नाही' म्हणण्याची आहे. विमा कंपनीत माणसं चेपलेली मोटार, भिजलेलं गोदाम, मोडलेला पाय असं काहीबाही घेऊन येतात आणि मी चष्मा नाकावर खाली ओढून त्यांना नाही म्हणतो. ऑफिसात माझा दरारा आहे. पण ऑफिसच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की तो शब्द तोंडातून जो नाहीसा होतो, तो दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसेपर्यंत परत येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना हे कुणी सांगितलं देव जाणे. आमच्या घरात चाकूला धार लावायची इतकी यंत्रं आहेत की चाकू कमी पडतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण बेटावर जे झालं त्याला वेंधळेपणा, घाई, सासूबाई अशी अनेक कारणं घरात सांगितली जातात. मूळ कारण हे आहे.

बेटावर वर्षातून एकदा कलामेळा भरतो. बेटाला वेढा घालणारा एकच रस्ता आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कलावंतांची घरं. मेळ्यात ही मंडळी आपापल्या कामाच्या खोल्या लोकांसाठी उघड्या ठेवतात. आपण गाडीने फिरायचं, वाटेल तिथे थांबायचं, बघायचं, पुढे जायचं. ऐकायला किती सोपं!

आमच्या हिला मात्र एकाच घरी जायचं होतं. त्या घरात एक विणकर बाई राहतात. त्या वर्षातून फक्त या एका दिवशी परक्यांचं काम बघतात. पसंत पडलं तर शिकवायला घेतात, नाही पडलं तर नुसती पाठ फिरवतात आणि आत जातात, अशी त्यांची ख्याती. हिने बैठकीच्या खोलीत छोटा हातमाग मांडून वर्षभर एक शाल विणली होती. विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. मी येताजाता "वा, छान झालीय" म्हणायचो. एकदा ती धोटा खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला सगळंच छान वाटतं हो. तुमच्या छानवर मी जगू कशी?"

मला ते लागलं. पण बरोबर होतं. तिला 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसाचं 'हो' हवं होतं, आणि असं माणूस घरात उपलब्ध नव्हतं.

सहल ठरल्याचं कळताच समोरच्या ब्लॉकमधले काका आले. त्यांना आम्ही माहितीखातं म्हणतो. ते बेटावर एकदा जाऊन आलेत, म्हणजे बेट त्यांच्याच देखरेखीखाली आहे.

"बोटीवर गाडी कशी चढवणार?" त्यांनी विचारलं.

"कशी म्हणजे? सरळ."

ते खिन्न हसले. "उलटी चढवा. रिव्हर्समध्ये. म्हणजे उतरताना सरळ उतरता येतं. जाणकार लोक तसंच करतात."

जाणकारांत गणना व्हावी म्हणून मी गाडी उलटी चढवली. धक्क्यावरचा माणूस शिट्टी वाजवून वाजवून दमला, पण मी जाणकारपणे मान हलवत राहिलो. बोट पलीकडे लागली तेव्हा कळलं की तिला दोन्हीकडून दारं आहेत. सगळे जसे चढले तसेच सरळ पुढे उतरले. मी चढलो तसाच उतरलो, म्हणजे उलटा, आणि मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर व मी एकमेकांकडे टक लावून बघत बेटावर दाखल झालो. तो बिचारा नजर कुठे वळवावी या विचारात होता. बेटाचं प्रथम दर्शन मी आरशातून घेतलं.

"जावईबापू, आता वळा," सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. त्याही आमच्याबरोबर आल्या होत्या हे सांगायचं राहिलं. त्यांना कलेत रस नाही, पण गाडीत रिकामी जागा राहिलेली बघवत नाही.

पहिलं घर कुंभाराचं. कोपरापर्यंत मातीने माखलेला, हसरा, मोकळा गडी. त्याने चाक फिरवून दाखवलं, भट्टी उघडून दाखवली, सासूबाईंना चहा दिला. आम्ही वाडगे आणि सुरया उचलत होतो, बुडाशी चिकटवलेली किंमत वाचत होतो आणि "वा!" म्हणून जपून परत ठेवत होतो. घरून निघताना आमचं ठरलं होतं की काही विकत घ्यायचं नाही. पण माणसाचा चहा पिऊन, त्याची भट्टी बघून, हात हलवत निघायचं कसं? मी दाराकडे एक पाऊल टाकत होतो आणि लाजून दोन पावलं मागे येत होतो. तेवढ्यात कुंभारच म्हणाला, "पुढे जाताच आहात ना? मग एवढं काचवाल्याकडे पोचवा."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! काही न घेता निघण्याची शरम एका फटक्यात धुऊन निघाली. मी "अहो, त्यात काय, द्या की!" असं म्हणालो, आणि म्हणताना छाती थोडी पुढे काढली.

मग त्याने कारण सांगितलं. मेळ्यात गर्दी होते म्हणून बेटाचा रस्ता एकदिशा करतात. मागच्या घराहून पुढच्या घरी जाता येतं, पण परत यायचं तर अख्ख्या बेटाला फेरी. त्यामुळे इथले लोक एकमेकांचं सामान पाहुण्यांच्या गाडीतून पुढे धाडतात. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि कधी काही हरवत नाही, तो अभिमानाने म्हणाला.

'एवढं' म्हणजे भट्टीच्या विटा होत्या. गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलं.

काचवाला फाटकातच उभा होता. "उशीर केलात," तो म्हणाला. मी चक्क माफी मागितली. तो तापलेल्या नळीतून फुंकर घालून काचेचा फुगा करतो, ते बघायची सासूबाईंना फार इच्छा होती. पण तो आणि मी विटा उतरवण्यात गुंतलो. त्या संपल्या तेव्हा त्याने रंगीत काचांच्या तुकड्यांची पेटी पुढे केली. "तुकडेवाल्या बाईंकडे. पुढेच आहे."

तुकडेवाल्या बाई काचांच्या आणि फरश्यांच्या तुकड्यांची भिंतीवर चित्रं करतात. त्यांनी पेटी घेतली, आमच्याकडे पाहिलंही नाही आणि चित्रकाराची उसनी आणलेली शिडी गाडीच्या टपावर बांधायला घेतली. त्यापुढच्या कोरीवकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने तर कमाल केली. "पुढच्या घरी" असं म्हणून त्याने एक पूर्ण उंचीचा लाकडी माणूस बाहेर आणला. छाती भरदार, मान ताठ, हात नाहीत. त्याला डिकीत मावेना म्हणून मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी बसवला आणि पट्टा लावला.

"अहो," ही पुढच्या सीटवरून हळूच म्हणाली, "आपण बघायला आलो होतो ना?"

"माणसं जोडली जातायत, ते बघ," मी म्हणालो.

सासूबाईंनी लाकडी शेजाऱ्याला जरा सरकवून पाहिलं. तो सरकला नाही. "तुमचे सासरे असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "बोलणं नाही, सरकणं नाही. यांना निदान घोरणं तरी नाही."

या गृहस्थांच्या भरदार छातीमुळे डावीकडची मागची खिडकी संपूर्ण झाकली गेली होती. समोर टपावरच्या शिडीचं टोक लोंबत होतं आणि त्याला बांधलेलं लाल फडकं वाऱ्याने काचेवर फडफडत होतं. मी रस्ता त्या फडक्याच्या सवडीने बघत होतो. ही मांडीवर जमलेल्या, पुढच्या घरांसाठी दिलेल्या पुडक्यांच्या ढिगाऱ्याआडून बघत होती. अशा रीतीने आम्ही बरंच अंतर निसर्गसौंदर्य पाहत गेलो आणि चित्रकाराच्या दारात पोचलो.

चित्रकाराने शिडी ओळखली, पण लाकडी माणसाला नाही. "हा माझ्याकडे कशाला? हा विणकर बाईंचा. शाली अंगावर घालून दाखवायला करून घेतलाय त्यांनी."

"त्या कुठे राहतात?" हिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मागे. दीपगृहाच्या वळणावर, फाटकाला हिरवं कापड बांधलंय बघा. तुम्ही त्यांच्याच दारावरून आलात की! आणि जाणार असाल तर घाई करा. ते कापड काढलं की बाई कुणाला आत घेत नाहीत."

ते घर तिथून दिसत होतं, खाडीच्या पलीकडच्या काठावर. हिरवं कापडही दिसत होतं. मधे चालत जाण्यासारखी वाट नव्हती, सरळसोट कडा होता. मी गाडी वळवली, तर वळणावरच्या चौकीतून शिपाई शिट्टी फुंकत आला.

"एकदिशा आहे."

"अहो, ते बघा, ते घर. इथून दिसतंय."

"दिसू दे की. गोल फिरून या." मग त्याने गाडीत डोकं घातलं. लाकडी माणूस, पुडकी आणि त्यांच्यामधून डोकावणाऱ्या सासूबाई असा सगळा ऐवज त्याने न्याहाळला. "खाजगी गाडीतून मालवाहतूक करता? परवाना?"

मी विमा कंपनीतला अधिकारी आहे, असं मी त्याला सांगितलं. "मग तुम्हाला नियम ठाऊकच असणार," तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतः इतक्या लोकांना ऐकवलंय की त्याची चव कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी सासूबाईंनी त्याला सांगितलं की हे सामान नाही, हे आमच्याबरोबर आलेत. शिपायाने लाकडी माणसाचा पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं आणि सोडलं.

दुसऱ्या फेरीला निघालो. धक्का मागे पडला. मग ही समोर बघत म्हणाली, "वर्षभर मी विणलं. एक दिवस, एक घर. तुम्हाला एकदा तरी कुणाला नाही म्हणता येतं का?"

तिचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली आणि माझ्यातला अधिकारी जागा झाला. ठरवलं, की आता इंजिन बंद करायचं नाही, खाली उतरायचं नाही, कुणी काहीही पुढे केलं तरी एकच उत्तर द्यायचं.

कुंभार रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा होता. मी ब्रेक लावला, काच खाली केली आणि त्याने तोंड उघडायच्या आत ऑफिसातल्या आवाजात ओरडलो, "नाही! अजिबात नाही!"

त्याचा चेहरा उतरला. "चहा घेऊन जा म्हणणार होतो," तो म्हणाला. "विटा नेल्यात म्हणून."

आता अशा माणसाला तसंच सोडून पुढे जाता येतं का? मी त्याच्या हातातली गोण्यांची चवड मागून घेतली. त्याला ती कुणाकडेच पाठवायची नव्हती, तो नुसता घडी घालत होता. पण मी इतका आग्रह केला की शेवटी त्याने विचार करून ती काचवाल्याला पाठवली.

काचवाल्याने गोण्या घेतल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं खिडकीतून आत टाकलं. "तुकडेवाल्या बाईंना." यावेळी मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. नुसता ॲक्सिलरेटर दाबला आणि हे आपल्याला जमायला लागलंय असं वाटून थोडा खूशही झालो. सासूबाईंनी ते पुडकं घेऊन मागच्या सीटवर हिच्या सामानाशेजारी नीट लावलं. गाडीत पसारा त्यांना खपत नाही. तुकडेवाल्या बाईंच्या दारात मी गाडी थांबवलीच नाही, फक्त हळू केली, आणि सासूबाईंनी खिडकीतून पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. पळत्या गाडीतून इतकी सुबक पोचवणी बेटाने पाहिली नसेल. कोरीवकामवाला म्हातारा काहीतरी उचलून फाटकाकडे येत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

दीपगृहाच्या वळणावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. विणकर बाई फाटकाशी होत्या आणि हिरव्या कापडाची एक गाठ सोडून झाली होती. उंच, वाळकी बाई, केस घट्ट बांधलेले. त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"पुतळा सकाळपासून येणार होता."

"हो, तो... फिरून आला," मी म्हणालो.

ही घाईघाईने उतरली, मागच्या सीटवरून पुडकं उचललं आणि पुढे होऊन म्हणाली, "मी काम दाखवायला आले होते. थोडा वेळ आहे ना?"

"उघडा."

हिने वर्तमानपत्र सोडलं. आत चामड्याचे जाड हातमोजे होते, बोटांवर जळके डाग असलेले.

काय झालं होतं ते मला एकदम दिसलं. काचवाल्याने काच धरायचे हातमोजे वर्तमानपत्रात बांधले होते. हिने शालही वर्तमानपत्रातच बांधली होती. सासूबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी नीट रचली होती. आणि मी गाडी थांबवली नव्हती.

"हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

हिने हातमोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रागाची वाट बघत होतो, पण तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "दाखवण्यासारखं काही नाहीये. आम्ही पुतळाच पोचवायला आलो होतो." आणि ती गाडीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे मला दिसत होते. आयुष्यात मी इतक्या लोकांचे दावे बुडवले, पण इतकं वाईट मला कधीही वाटलं नव्हतं.

बाईंनी आणि मी पुतळा उचलून अंगणात उभा केला. बाई मागे वळून कापडाची दुसरी गाठ सोडायला लागल्या. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. वर एक तरुण जोडपं होतं. मागे बसलेल्या मुलीने पोटाशी धरलेलं पुडकं काढलं.

"तुकडेवाल्या बाईंनी दिलंय. म्हणाल्या, पुढे जाताच आहात तर पोचवा. चुकून त्यांच्याकडे आलं, पण विणलेलं आहे म्हणजे तुमचंच असणार." एवढं बोलून ते दोघं निघून गेले.

बाईंनी कागद काढला. ही वळली होती. मी "अहो, ते हिचं..." असं म्हणायला तोंड उघडलं आणि हिने येऊन माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेसकट. मी तोंड मिटलं. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"माझं म्हणे!" बाई फणकारल्या. "हा काठ माझा? बघा, कसा आत गेलाय. इथे ओढ जास्त, तिथे सैल." त्यांनी शाल झटकली आणि लाकडी माणसाच्या खांद्यावर टाकली. "आणि हे टोक. घाई झालीय शेवटी. कुणी शिकवलेलं दिसत नाही."

माझा पाय अजून हिच्या पायाखाली होता. त्यावरचं वजन वाढत चाललं होतं.

बाई जरा मागे सरकून बघायला लागल्या. मग पुन्हा जवळ गेल्या. शालीची मधली बाजू त्यांनी दोन बोटांत धरून उन्हाकडे केली. आत गेल्या नाहीत. पाठही फिरवली नाही.

"हे उसवून परत विणलंय," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला होता. "इथे. इथेही. चूक अशी होती की कुणाला दिसली नसती. तरी उसवलंय." त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. "काठ शिकवता येतो. हे नाही शिकवता येत."

सासूबाई गाडीत बसून डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. मीसुद्धा समुद्राकडे बघत होतो, पण समुद्र नीट दिसत नव्हता.

बाईंनी शाल उतरवली, सावकाश घडी घातली, पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ते पुडकं हिच्यासमोर धरलं.

"तुम्ही पुढे जाताच आहात ना? मग एवढं करा. हे जिचं असेल तिला शोधा, पोचवा, आणि म्हणावं मेळा संपला की ये. काठ मी सरळ करून घेईन."

हिने दोन्ही हात पुढे करून ते पुडकं घेतलं आणि छातीशी धरलं.

"पोचलं," ती म्हणाली.